आठवीपासून तिसरी भाषा म्हणून जर्मन घ्यावे का?

पाटीदप्तर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील राज्य मंडळाच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. आठवीपासून इंग्रजी आणि मराठी सर्वांना सारख्याच असतील. तिसऱ्या भाषेसाठी मात्र पूर्ण संस्कृत, हिंदी-संस्कृत संयुक्त किंवा जर्मन यांपैकी एक पर्याय निवडून वार्षिक परीक्षेपूर्वी शाळेला अर्ज भरून द्यायचा आहे. एकदा घेतलेला विषय दहावीपर्यंत बदलता येणार नाही, असे पालकसभेत बजावण्यात आले.

मुलीचा ओढा जर्मनकडे आहे. वर्गातील दोन मैत्रिणी जर्मन घेणार आहेत, यापलीकडे त्याला फारसे कारण असावे असे वाटत नाही. घरात आम्हा दोघांनाही जर्मनचे ओ की ठो कळत नाही. उलट माझ्या सासऱ्यांचे संस्कृत उत्तम आहे आणि ते नातीला शिकवायला एका पायावर तयार आहेत. पालकसभेत ऐकलेली मते दोन टोकांची होती. काहींच्या म्हणण्यानुसार आठवीपासून जर्मन घेतले की जर्मनीतील जवळपास फुकट उच्च शिक्षणाची वाट मोकळी होते, तर इतरांच्या मते शाळेतले जर्मन हा धडे पाठ करून गुण मिळवण्याचा विषय आहे आणि दहावीनंतर मुलांना धड चार वाक्येही बोलता येत नाहीत.

या विषयातील अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे की शाळेच्या तीन वर्षांत प्रत्यक्षात किती जर्मन येते, घरी कोणाला येत नसेल तर मुलांचे अडते का, जर्मनीला जाण्याशी याचा खरोखर किती संबंध आहे, आणि अर्ज भरण्यापूर्वी शाळेला काय विचारून घ्यावे.

तासिका

मी पुण्यातील माध्यमिक शाळांमध्ये बरीच वर्षे जर्मन शिकवते. मी त्यातलीच असल्यामुळे माझे मत जर्मनच्या बाजूला झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

आधी तासांचा हिशेब मांडते, कारण अपेक्षांचा सगळा घोळ तिथेच होतो. युरोपीय चौकटीप्रमाणे भाषेच्या ए १ पासून सी २ पर्यंत सहा पातळ्या आहेत. मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटची भारतातील केंद्रे, ज्या आकड्यांच्या आधारे अभ्यासक्रम आखतात त्यांनुसार ए १ साठी साधारण ८० ते २००, ए २ पर्यंत २०० ते ३५० आणि बी १ पर्यंत ३५० ते ६५० तास लागतात, आणि हा तास ४५ मिनिटांचा असतो. आता शाळेकडे पाहा. आठवड्याला चार तासिका धरल्या आणि परीक्षा, सहली, स्नेहसंमेलन, क्रीडादिन व सुट्या वजा केल्या, तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास तासिका पदरात पडतात. दहावीचे वर्ष सरावपरीक्षांमुळे आणखी आखूड होते. तीन वर्षांच्या मिळून साडेतीनशे तासिका झाल्या असे मानले, तरी शाळेतील तासिका ३५ मिनिटांची असल्यामुळे भरतात ते पावणेतीनशे तास. म्हणजे कागदावर ए २. पण वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात, आणि एकेकाला बोलायला मिळणारा वेळ काढला तर तो तासिकेमागे मिनिटभरही येत नाही. त्यामुळे सर्वसाधारण विद्यार्थी दहावीअखेर ए १ पक्के आणि ए २ अर्धेमुर्धे घेऊन बाहेर पडतो, वाचण्या-लिहिण्यात बरा आणि ऐकण्या-बोलण्यात कच्चा. यापेक्षा अधिक आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, आणि याहून कमी येते असे म्हणणाऱ्यांवरही ठेवू नये.

घरी कोणाला जर्मन येत नाही याची चिंता करू नका. मराठी घरातील मूल या भाषेकडे रिकाम्या हाताने येत नाही, आणि ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. नामाला तीन लिंगे असतात, टेबलालाही लिंग असते, हे इंग्रज मुलाला विचित्र वाटते. आपल्या मुलांना 'तो', 'ती', 'ते' जन्मापासून ठाऊक असल्यामुळे 'डेर', 'डी', 'डास' ऐकून कोणी दचकत नाही. दोन्ही भाषांतील लिंगे जुळत मात्र नाहीत, सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, तेव्हा पाठांतर चुकत नाही. दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हे इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलांना महिनोन्महिने जड जाते. 'मी शाळेत येत नाही, कारण मी आजारी आहे' यातील 'आहे' जसे शेवटी आहे, तसेच 'वाइल इश क्रांक बिन' यात 'बिन' शेवटी आहे, एवढे दाखवले की वर्गातील निम्म्या चुका थांबतात. 'झेड' या अक्षराचा उच्चार आपल्या 'चमचा'तील पहिल्या 'च'सारखा होतो. उत्तर भारतातून आलेल्या मुलांना तो घोटून घ्यावा लागतो, आपल्यांना सांगावाही लागत नाही. संख्यांतही जर्मन माणूस एकवीसमध्ये आपल्यासारखाच आधी एक आणि मग वीस म्हणतो. दुर्दैवाने इंग्रजी माध्यमातील मुलांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरकच माहीत नसतो, त्यामुळे हा आयता फायदा वाया जातो. पण तो जर्मनचा दोष म्हणता येणार नाही.

खरी ठेच लागते ती विभक्तींना. 'तो मला पाहतो' आणि 'तो मला मदत करतो' या दोन्ही वाक्यांत मराठीत 'मला'च येते. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात 'मिश' आणि दुसऱ्यात 'मिअर' लागते, कारण पाहणे या क्रियापदाला द्वितीया लागते आणि मदत करणे याला चतुर्थी. मराठीचा 'ला' दोन्हींकडे चालतो, म्हणून मुलांच्या कानाला फरकच जाणवत नाही. नववीच्या पहिल्या सत्रात हा भाग येतो, आणि आठवीत ऐंशी-नव्वद टक्के मिळवणारी मुलेही येथे घसरतात. या ठिकाणी तुमच्या घरात एक मोठा आधार आहे: ज्याला 'बालकं पश्यामि' आणि 'बालकाय ददामि' यांतला भेद ठाऊक आहे, त्याला 'डेन युंगेन' आणि 'डेम युंगेन' हा भेद समजावून द्यायला जर्मन येण्याचीही गरज नाही. आजोबांना कामाला लावा.

शाळेला विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. जर्मनचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ष संपले की बदलणार? मागील तीन वर्षांत विषय दहावीपर्यंत अखंड चालला का? तोंडी परीक्षा खरोखर तोंडी होते, की उत्तरे आधी लिहून देऊन पाठ करून घेतात? या तिसऱ्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून वर्ग कसा चालतो ते सारे कळते. लेखी परीक्षेतल्या गुणांवरून ते कळणार नाही.

आणखी एक सुचवते. ए १ होत आले की नववीच्या सुमारास मुलीला 'फिट इन डॉइच १' ही परीक्षा देऊ द्या. दहा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांसाठीच ती असते. तिच्यात ध्वनिफीत ऐकून उत्तरे द्यायची असतात, एखाद्या समवयस्क मुलाच्या ई-मेलला चार-सहा ओळींचे उत्तर लिहायचे असते, आणि मुलांनी गटात बसून चिठ्ठीवरील शब्दावरून एकमेकांना प्रश्न विचारायचे असतात. शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण. शाळेच्या परीक्षेत पंच्याण्णव मिळवणारी मुले ऐकण्याच्या भागात गोंधळतात, ते 'हाल्ब आख्ट'सारख्या शब्दांनी. त्याचा अर्थ साडेआठ नाही, साडेसात; आठाकडे अर्धा प्रवास झाला, असा तो हिशेब आहे. पावणेआठ म्हणणाऱ्या माणसाला ही रीत परकी वाटू नये, पण 'हाफ पास्ट एट'वर वाढलेली मुले हमखास साडेआठवर खूण करतात.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टमध्ये राहतो. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत, येथे मराठी मंडळीही बरीच आहेत, आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या फोनमध्ये हाच प्रश्न असतो. त्यामुळे जर्मनीला जाण्याविषयी तेवढे लिहितो. शाळेविषयी ताईंनी लिहिलेच आहे.

दहावीपर्यंतच्या जर्मनने जर्मनीतील कोणताही दरवाजा आपोआप उघडत नाही. बारावी झाल्यावर लगेच येथील पदवी अभ्यासक्रमाला यायचे म्हटले, तर बहुतेक पदवी अभ्यासक्रम जर्मनमध्ये असतात आणि त्यांना साधारण सी १ पातळी लागते. शिवाय भारतातील बारावी एकट्याने सहसा पुरत नाही. येथे वर्षभराचे 'श्टुडिएनकोलेग', म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीचा अभ्यासक्रम, करून परीक्षा द्यावी लागते, किंवा भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते, किंवा अभियांत्रिकीसारख्या शाखांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. 'फुकट शिक्षण' हेही जपून वापरायचे शब्द आहेत. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. पण आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे, आणि राहण्या-खाण्याची हमी म्हणून विद्यार्थ्याने वर्षाचे ११,९०४ युरो 'बंद खात्यात', म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधीच ठेवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे आणि तो वाढतच आला आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत पुष्कळ आहेत, म्हणून अनेक जण जर्मन न शिकताच येतात. संगणक क्षेत्रातील कार्यालयांत इंग्रजीवर भागतेही. भागत नाही ते कार्यालयाबाहेर: पत्ता नोंदवायला नगरपालिकेत गेल्यावर, डॉक्टरच्या दारात, घरमालकाने लिहिलेल्या चार पानी पत्रापुढे आणि नोकरी बदलताना. पस्तिशीत, दिवसभराचे काम उरकून, रात्रीच्या वर्गात 'डेर, डी, डास' घोकणारे माझे सहकारी आणि शाळेत तीन वर्षे ते घोकून आलेले सहकारी यांच्यातला फरक मी रोज पाहतो. दुसऱ्या गटाचे व्याकरण विसरलेले असते, पण उच्चार आणि कान शाबूत असतात आणि सहा महिन्यांत ते बी १ वर पोहोचतात. माझ्या मते शाळेतील जर्मनचा मोठा उपयोग तो हाच, आणि तो वीस वर्षांनी होतो किंवा अजिबात होत नाही.

पदवीखेरीजचे मार्गही आहेत. येथे 'आउसबिल्डुंग' म्हणजे कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करता करता घेतलेले व्यावसायिक शिक्षण, ज्यात विद्यावेतन मिळते. त्यासाठी बी १ किंवा बी २ मागतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. करारांच्या बातम्या मोठ्या असतात आणि प्रत्यक्ष गाडी भाषेपाशी अडते. बी १ नसलेल्या परिचारिकेला किंवा इलेक्ट्रिशियनला येथे कोणी कामावर घेत नाही, आणि ते बी १ चार महिन्यांच्या शिबिरात येत नाही.

एक किरकोळ इशारा. शाळेतील स्वच्छ जर्मन शिकून कोणी श्टुटगार्टला उतरला, तर पहिला महिना त्याला आपल्याला काहीच येत नाही असे वाटेल. येथले म्हातारे 'इश' म्हणत नाहीत, नुसते 'ई' म्हणतात, आणि बाकीची अर्धी अक्षरे गिळतात.

दक्षिणायन

चर्चा एकाच बाजूला चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी जर्मनच्या विरोधात नाही. शाळेत तेराव्या वर्षी संस्कृत सोडून जर्मन घेण्याच्या विरोधात आहे.

पहिले कारण धोरणाचे. परकीय भाषेचे शाळेतील स्थान आपल्याकडे कधीच पक्के नसते. केंद्रीय विद्यालयांत २०११ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूटशी करार होऊन सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन सुरू झाले. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस, शैक्षणिक वर्ष अर्धे सरलेले असताना, ते तिसऱ्या भाषेच्या जागेवरून काढून त्या जागी संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा घेण्याचा निर्णय झाला. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, जर्मनीच्या चॅन्सेलरांनी पंतप्रधानांकडे विषय काढला, आणि शेवटी त्या वर्षी मुलांची संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही एवढा दिलासा मिळाला. पुढे जर्मन जादा भाषा म्हणून परत आले. हजारो मुलांना वर्षाच्या मध्यात 'रामः रामौ रामाः' पासून सुरुवात करावी लागली, यात संस्कृतचाही सन्मान झाला असे मला वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावर ज्या परकीय भाषांची नावे घेतली त्यांत जर्मन आहे. पण त्याच धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात अशीही अट आहे. इंग्रजी कोणी सोडणार नाही, मराठी २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सक्तीची आहे, मग जर्मनसाठी उरते ती चौथी खुर्ची. आज राज्य मंडळात चालते म्हणून उद्या चालेलच, असे नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. जर्मन कधीही शिकता येते. इरावती कर्वे १९२८ मध्ये संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी केंब्रिजला गणित केले आणि मग बर्लिनला जर्मन प्राच्यविद्या पंडित लुडर्स यांच्याकडे संस्कृतचा अभ्यास केला. पुण्याचे जर्मनशी नाते असे ग्रंथालयांतून आले आहे. या मंडळींनी आठवीत पर्याय-अर्ज भरला नव्हता. गरज पडली तेव्हा ते मोठेपणी जर्मन शिकले. वरच्या ताईंनीच कबूल केले आहे की विभक्ती संस्कृतवाल्याला सोप्या जातात. मग संस्कृतचा पाया आधी घालावा, हे सरळ नाही का? शिवाय घरात शिकवणारे आजोबा आहेत. असे शिक्षक कोणत्या शाळेत मिळणार?

अकरावी_ब

मी दोन वर्षांपूर्वी राज्य मंडळातून जर्मन घेऊन दहावी झाले आणि आता विज्ञान शाखेत आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने थोडे लिहिते.

आमच्या वर्गातील बहुतेक मुलांनी जर्मन गुणांसाठी घेतले होते आणि बहुतेकांना गुण मिळाले, हे खरे आहे. पण दहावीचा निकाल सहांपैकी उत्तम पाच विषयांवर लागतो, आणि संस्कृतवाल्या मुलांनाही पैकीच्या पैकीच्या आसपास गुण पडतात. तेव्हा केवळ गुणांसाठी निवड करायची असेल तर दोन्हींत काही फरक नाही. फरक पडतो तो शिक्षकांमुळे. नववीच्या मध्यावर आमच्या बाई दुसरीकडे गेल्या, दीड महिना तासिका रिकामी गेली, आणि नंतर आलेल्या सरांनी उरलेला भाग टिपणे देऊन संपवला. उताऱ्यावरील प्रश्न, भाषांतर आणि पत्र या तिन्हींची तयारी टिपणांवर होते. बोलण्याची होत नाही. मी आणि माझी एक मैत्रीण रविवारी मॅक्स म्युलर भवनच्या ग्रंथालयातून आणलेली लहान मुलांची चित्रपुस्तके मोठ्याने वाचायचो, त्यामुळे आमचे थोडे तरी टिकले.

'दक्षिणायन' काकांच्या मुद्द्यावर एकच सांगावेसे वाटते. मोठेपणी कधीही शिकता येते, हे ठीक आहे, पण अकरावीनंतर प्रवेशपरीक्षांच्या क्लासमधून आम्हाला जेवायलाही वेळ मिळत नाही. वर्गातल्या ज्या मुलांनी कनिष्ठ महाविद्यालयात जर्मन पुढे चालू ठेवले, त्यांतील निम्म्यांनी ते माहिती तंत्रज्ञानापेक्षा सोपे पडते म्हणून घेतले आहे. आठवी आणि नववी हीच दोन वर्षे अशी असतात की काहीतरी नुसते आवडते म्हणून शिकता येते. मुलीला मैत्रिणींमुळे जर्मन घ्यावेसे वाटत असेल, तर त्यात वाईट काय आहे? बोलण्याचा सराव करायला दोघी-तिघी लागतातच.

पाटीदप्तर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'तासिका' यांनी सांगितलेले प्रश्न घेऊन मी शाळेत गेलो होतो. जर्मनच्या शिक्षिका तासिका तत्त्वावरच आहेत, मात्र सलग काही वर्षे त्याच येत आहेत. तोंडी परीक्षेविषयी विचारल्यावर पर्यवेक्षिका थोड्या गडबडल्या आणि 'प्रश्नसंच आधी देतो' असे म्हणाल्या. आठवड्याला चार तासिका असतात. किमान वीस मुले झाली नाहीत तर तुकडी सुरू होणार नाही, ही गोष्ट मात्र पालकसभेत कोणी सांगितली नव्हती.

सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. चतुर्थीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग 'दोन्ही का नाही?' असे विचारले, ज्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शाळेत जर्मन आणि घरी आजोबांकडे संस्कृत असा मार्ग आता समोर दिसतो आहे. तेराव्या वर्षी मुलीवर याचा भार होईल का? आणि तुकडी झाली नाही तर काय करावे?

तासिका

भार होईल, जर दोन्हींची परीक्षा असेल तर. आजोबांकडच्या संस्कृतला परीक्षा नको, वही नको, गृहपाठ नको. सुभाषिते, रामरक्षेतील विभक्ती ओळखणे, आणि नववीत चतुर्थी आली की त्या आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी बसणे, एवढे पुष्कळ झाले. 'दक्षिणायन' यांचा पायाचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त तो पाया शाळेच्या वेळापत्रकातच घातला पाहिजे, असे नाही.

प्रश्नसंच आधी मिळतो हे अनेक शाळांत चालते आणि ते तुमच्याने बदलणार नाही. त्यावर घरी करता येण्यासारखा उपाय म्हणजे जर्मन न येणाऱ्या आई-वडिलांनी मुलीकडून शिकणे. रोज जेवताना तिने तुम्हाला ताटातल्या दोन वस्तूंची नावे लिंगासकट सांगावीत आणि तुम्ही ती चुकीची म्हणावीत. तुमची चूक सुधारताना तिचे पक्के होते. शब्द वहीत लिहिताना नाम कधीही एकटे लिहू देऊ नका, सोबत 'डेर', 'डी' किंवा 'डास' आणि अनेकवचन हवेच: 'डेर टिश, डी टिशे'. लिंगानुसार तीन रंगांची शाई वापरणारी मुले दहावीतही चुकत नाहीत, आणि नुसते शब्द पाठ करणारी मुले नववीच्या दिवाळीनंतर सगळे पुन्हा पाठ करत बसतात.

वीस मुलांच्या अटीविषयी अर्ज देतानाच लेखी विचारा: तुकडी झाली नाही तर मुलीला कोणत्या विषयाला टाकणार, आणि हे किती तारखेपर्यंत कळवणार. काही शाळा जुलै उजाडल्यावर सांगतात, तोवर संस्कृतच्या वर्गात दोन धडे झालेले असतात. अर्जावर दुसरा पर्याय लिहायची जागा असेल तर तेथे पूर्ण संस्कृत लिहा, म्हणजे आपोआप संयुक्तमध्ये ढकलले जाणार नाही. आणि ज्या दोन मैत्रिणी जर्मन घेणार आहेत, त्यांच्या पालकांना आजच फोन करा; वीसपैकी तीन तर तेथेच झाल्या.